पिनेवर बोट

बाबा उशी टाकून सबवूफरच्या, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाच्या जुन्या स्पीकरच्या, मागे बसले होते आणि जावई त्यांच्या पाठीशी उभा होता. "बाबा, हे धूड भंगारात द्या. नव्या होम थिएटरला ते चालायचं नाही."

बाबांनी मान वर केली नाही. मुलगी लगबगीनं त्यांच्या समोर येऊन बसली आणि तेच वाक्य जरा गोड करून, मोठ्यानं म्हणाली.

"न चालायला काय झालं? जुनं ते सोनं!" बाबा हसले.

तिचा जीव टांगणीला लागला होता. हल्ली बाबांच्या रेडिओ-स्पीकर दुरुस्तीच्या दुकानातून गेलेले सेट घरघरत परत येत होते. बाबांचे कान गेलेत, दुकान बंद करायला सांगू या, असं नवरा म्हणत होता. बाजारात गोंगाट वाढलाय, असं बाबा म्हणत होते. ती मात्र आज-उद्या करत दिवस ढकलत होती. सकाळी नवऱ्यानं तिला स्वयंपाकघरात गाठलं. "बाबांनी हे धड जोडलं, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं, तर आजच बोलायचं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

बाबांनी वायरचं एक टोक सबवूफरला लावलं आणि आवाजाचं बटण अर्ध्यावर नेलं. दुसरं टोक हातात धरलं. त्या टोकाच्या पिनेला बोट लावायचं. घूं झालं की वायर चांगली आणि सबवूफर जिवंत. त्यांची ही परीक्षा तिला लहानपणापासून पाठ होती.

त्यांनी बोट लावलं.

घूंऽऽऽ! खिडकीची काच थरथरली. नवरा दचकून मागे सरला. चालतंय की! तिनं नवऱ्याकडे मोठ्या तोऱ्यात पाहिलंसुद्धा.

"छे," बाबा म्हणाले. पुन्हा बोट लावलं. पुन्हा खोली घुमली. बाबा कपाळाला आठ्या घालून वाट बघत होते. "मेलाय बिचारा. हूं नाही की चूं नाही."

नवऱ्यानं तोंड उघडलं. बोलायची वेळ आली होती, पण सकाळपासून घोकलेलं वाक्य काही बाहेर पडेना. तो उगाच बंद टीव्हीकडे बघू लागला.

बाबांनी पेचकस घेतला आणि पहिला स्क्रू सैल केला. सांगावं, तर त्यांचं उभ्या जन्माचं काम एका वाक्यात संपणार. गप्प बसावं, तर ते चांगल्या वस्तूची आतडी बाहेर काढणार.

तिनं त्यांच्या हातातला पेचकस काढून खाली ठेवला. त्यांचा तळवा सबवूफरवर टेकवला. मग पिनेवर स्वतःचं बोट लावलं.

बाबांच्या तळव्याखाली सबवूफर थरथरला. त्यांनी तिच्या बोटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"आवाज येतोय?"

"शेजाऱ्यांनाही येत असेल, बाबा."

"पुन्हा लाव."

तिनं लावलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला तिला हात मोकळा नव्हता. नवरा खाली बसला. "बाबा, ऐका..." म्हणाला आणि थांबला. तोंडातून गेलेला 'ऐका' हा शब्द त्याला गिळता येईना.

बाबांनी पेचकस उचलून त्याच्यापुढे धरला. दुसरा हात सबवूफरवरून हलला नाही.

"जावईबापू, पुढचं तुम्ही जोडा. मी इथं हात ठेवून बसतो."