मन्नूबियाचं मडकं

“काचेला हात लावू नका, मावशी! दोनदा सांगितलं.”

पहारेकऱ्याने तिसऱ्यांदा हटकलं तरी वनासाने तळवा काढला नाही. काचेपलीकडे एका लांब फळीवर नऊ मडकी मांडली होती. तिसरं ताकाचं होतं. रुंद तोंडाचं, लालसर पोटाचं, पोटावर काळ्या रेघांची जाळी. बाजाराच्या गर्दीत अचानक घरचं माणूस दिसावं तशी वनासा त्याच्याकडे बघत राहिली होती.

रहमाने आईचा दंड धरला. “आई, चल ना. लोक बघताहेत. तीनची गाडी चुकेल.”

रहमा ट्यूनिसला कॉलेजात शिकत होती. आई सेजनान या कुंभारकामाच्या गावाहून मातीच्या बाहुल्या एका दुकानात पोचवायला आली होती, आणि आज संग्रहालयात प्रवेश फुकट म्हणून दोघी आत शिरल्या होत्या. शिरल्यापासून रहमा आईला हात शालीखाली ठेवायला सांगत होती. चाळीस वर्षं माती मळून नखांत बसलेली लाली साबणाने जात नसे.

“खाली काय लिहिलंय, वाच,” वनासा म्हणाली. तिला अक्षरओळख नव्हती.

“‘अज्ञात कारागीर. सेजनान.’ सगळ्यांखाली तेच आहे.”

“अज्ञात म्हणजे?”

“म्हणजे कुणी घडवलं ते माहीत नाही.”

“माहीत नाही कसं? माझ्या आईने घडवलंय. तुझ्या आजीने. मन्नूबियाने.”

ती हे एवढ्या मोठ्यांदा बोलली की पहारेकऱ्याला हसू फुटलं. “मावशी, इथे येणाऱ्या निम्म्या लोकांना इथलं काही ना काही आपल्या आजीचंच वाटतं.”

“तू नको बोलूस. तुझ्या साहेबाला बोलाव.”

रहमाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वनासाचं मात्र तिच्याकडे लक्षच नव्हतं. रोज सकाळी काडी रंगात बुडवून ती मडक्यावर पहिली रेघ ओढायची, तेव्हा तिच्या मनात एकच विचार असायचा. माणूस लांबून चालीवरून ओळखू येतं, तसा हातही ओळखू येतो. कुणाचा जड, कुणाचा हलका, कुणाचा घाबरट. मन्नूबिया डावखुरी होती. सगळ्या बायकांची रेघ जिथे बारीक व्हायची, तिथे हिची जाड व्हायची. या मडक्यावरच्या रेघा तशाच होत्या.

साहेब म्हणजे बाई निघाल्या. सिहेमबाई. चष्मा, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“असं होऊ शकतं,” त्या म्हणाल्या. “पण नुसत्या सांगण्यावरून मी नाव लिहू शकत नाही. काही पुरावा आहे?”

“आत हात घाला,” वनासा म्हणाली. “तळाशी एका पोरीचा पंजा उमटलेला असेल. एवढासा.”

सिहेमबाईंच्या हातातल्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या. बाहेरून तळ दिसत नव्हता. तो पंजा फक्त कार्यालयातल्या वहीत नोंदलेला होता.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कोण सांगणार? माझाच पंजा तो.”

“आमच्याकडे नोंद आहे, की दृष्ट लागू नये म्हणून तो मुद्दाम उमटवलाय. एका प्राध्यापकांनी त्यावर मोठा लेख लिहिलाय.”

वनासा पोट धरून हसली. “दृष्ट कसली, बाई! मी सहा वर्षांची होते. ओल्या मडक्यात हात खुपसला आणि असा मार खाल्ला! आई म्हणाली, बाहेरून नीट आहे ना, मग राहू दे. आत कोण बघतंय? पुढच्या वर्षी एक पाहुणा जीप घेऊन आला. साखरेच्या पुड्या वाटून आमच्या वाडीतली मडकी घेऊन गेला. माझा हात नेला म्हणून मी दिवसभर रडले.”

सिहेमबाईंनी कपाटाचं कुलूप उघडलं. हातमोजे चढवले, मडक्यात हात घातला आणि डोळे मिटून तळ चाचपला. बोटं पाच ठिकाणी थांबली. मग हात बाहेर काढून त्यांनी मडक्याखालची चिठ्ठी उचलली आणि उलटी केली.

“पूर्ण नाव सांगा.”

“मन्नूबिया बिन्त सालेह,” वनासा म्हणाली. तिची मान ताठ झाली होती.

“मी लिहिते,” रहमा म्हणाली. तिने पेन घेतलं. आजी रहमाच्या जन्माआधीच गेली होती. तिचं नाव आजवर रहमाने कधी कागदावर लिहिलं नव्हतं, दुसऱ्या कुणी लिहिलेलं पाहिलंही नव्हतं. तिने एकेक अक्षर घोटून काढलं, आणि चिठ्ठी मडक्याखाली ठेवल्यावर पहारेकऱ्याने ती न सांगता वाचली, मोठ्यांदा.

“आता चल, आई,” रहमा म्हणाली. “गाडी मिळते का बघू.”

वनासा हलली नाही. ती फळीच्या एका टोकाला गेली आणि सावकाश दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन परत आली.

“गाडी उद्याही आहे. कागद मोठा घे,” ती म्हणाली. “हे पहिलं आमच्या वाडीतल्या तुर्कियाबाईचं. बूड बघ केवढं जाड. सहा पोरं पदरात, तिला कायम घाई. या दुसऱ्यावरचा पक्षी अर्जियाचा. बिचारीला मोर काढायचा असायचा आणि व्हायची कोंबडी. ते चौथं खमीसाचं, तिचा हात सगळ्यांत हलका. ते पलीकडचं…”

पहारेकऱ्याने कुणी न सांगता आपली खुर्ची आणून तिच्यामागे ठेवली. रहमाने नवा कागद घेतला.

“लिही, पोरी. या फळीवर अज्ञात कुणीच नाही.”