एकाच सळईचे दोन पंच

पत्र्याला भोकं पाडणारा पंच लवकर झिजला की कारखान्यात सगळे पोलादाच्या नावानं खडे फोडायचे, आणि भट्टीमास्तर प्रत्येकाला तेच पुराण ऐकवायचे. "पोलादाला कशाला बोल लावता? एकाच सळईचे दोन पंच घ्या. एक वर्ष काढतो, दुसरा महिन्यात बोथट होतो. कडक करून झालं की त्याला परत मंद आचेवर ठेवावं लागतं, सावकाश निवू द्यावं लागतं. तेवढी उसंत देतंय कोण? लगेच कामाला जुंपतात. मला पंच दाखवू नका, भट्टी कुणाची ते सांगा."

आजही हेच सांगून सांगून घसा बसला होता. संध्याकाळी तसेच ते बायकोला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तिच्या गुडघ्यांचा एक्स-रे उजेडात धरला.

"झीज झालीय, आणि चांगलीच झालीय. तुमच्या वयाला एवढी होत नाही. माहेरी कुणाला हा त्रास आहे का?"

"नाही हो. माझी थोरली बहीण अजून तरातरा जिने चढते."

"सख्खी बहीण?" डॉक्टरांना नवल वाटलं. "मग तुमच्याच गुडघ्यांचं असं कसं?"

सवयीनं मास्तरांनी समजावून सांगायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

बायको गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"सख्खीच," ती म्हणाली. "घरं तेवढी वेगळी मिळाली."