ओलं फडकं

सुट्टीत कुणीतरी प्रयोगशाळेची वीज बंद केली, हवा दमट ठेवणारं यंत्र थांबलं आणि ऊर्मिलानं चार वर्षं वाढवलेले मातीतले सूक्ष्म कृमी काचेच्या ताटलीत वाळून वेटोळी होऊन पडले. तिनं पाण्याचे थेंब सोडले, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तासभर काहीच हललं नाही.

"मेले असतील तर पीएचडी विसर," तिचे मार्गदर्शक सर दारातूनच म्हणाले.

"हे वाळूनही जगतात, सर. पण सावकाश वाळले तरच. झटकन वाळले तर संपलं."

झाडलोट करणाऱ्या हौसामावशी चाचरत पुढे आल्या. "पोरी, रागावू नकोस. ताटली सुकत चाललेली दिसली, म्हणून मी रोज वर ओलं फडकं टाकत होते."

ऊर्मिलानं श्वास रोखून पुन्हा डोळा लावला. एक वेटोळं सैल झालं, मग दुसरं, मग सगळी ताटलीच वळवळायला लागली.

"छान! शोधनिबंधात माझी पद्धत म्हणून लिहू," सर म्हणाले.

"पद्धत मावशींची आहे. नाव त्यांचं घालायचं."

"झाडूवालीचं?" सर हसले.

पदवी त्यांच्याच सहीवर अडलेली होती. तरी ऊर्मिला बोललीच, "हो. आता तुमचं कशासाठी घालायचं, तेवढं सांगा."