पेनड्राइव्हचं विरजण

मृदुलाने वडिलांच्या कानामागच्या खाचेत पेनड्राइव्ह लावला. त्यात मेंदूची नवी सिस्टिम होती आणि आधीच काढून ठेवलेल्या त्यांच्या आठवणीही. इन्स्टॉल झाल्यावर अण्णांनी डोळे उघडले. “चिमणे, चहा टाक. आलं ठेचून घाल.”

तिचा जीव भांड्यात पडला.

शेजारच्या कुंदाताई दारातच उभ्या होत्या. “झालं ना? मग दे इकडे, आमच्या सासऱ्यांनाही लावते. नवीन कशाला आणायचा?”

वाटीत विरजण द्यावं तसा मृदुलाने तो देऊन टाकला.

दिवेलागणीला बेल वाजली. दारात कुंदाताईंचे सासरे उभे होते, अनवाणी, डोळे भरलेले.

“चिमणे,” ते म्हणाले, “मला त्या परक्या घरात का गं सोडलंस?”



आतून अण्णांनी विचारलं, “कोण आलंय गं?”