ताटाभोवतीचं पाणी

देवासला एकट्या राहणाऱ्या नीलकंठरावांना त्यांच्या लेकीनं, इरावतीनं, पुण्याहून स्मार्ट चष्मा आणि त्याच्या जोडीची अंगठी पाठवली होती. अंगठीचा हात हवेत गोल फिरवला, की तिला फोन लागायचा आणि चष्म्यातून ती त्यांना अगदी समोर बसल्यासारखी दिसायची.

झालं! रोज दुपारी ऐन मीटिंगमध्ये तिचा फोन वाजू लागला.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही गं. जेवायला बसलो, ताटाभोवती पाणी फिरवलं, तर या अंगठीनं लगा दिया फोन! तू कर तुझं काम."

असं म्हणायचे, पण फोन काही लगेच बंद करायचे नाहीत.

"अंगठी काढून जेवत जा ना!" एकदा ती वैतागलीच.

"हाँ बेटा, उद्यापासून नक्की."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दिवाळीला ती घरी आली. बापलेक समोरासमोर जेवायला बसले. नीलकंठरावांनी वरणभात कालवला आणि सरळ पहिला घास तोंडात घातला.

"बाबा, पाणी नाही फिरवलंत?"

"आज कशाला?" ते म्हणाले. "आज तू बसलीयेस की समोर."