अकरा मिनिटं
“म्हाताऱ्यांना घरपोच जेवण देणारे स्वयंसेवक प्रत्येक दारात अकरा मिनिटं वाया घालवतात,” असं मी लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर प्रबंधात लिहिलं. रोजच्या गरम डब्याऐवजी दर सोमवारी सात गोठवलेले डबे द्या, हा उपाय. प्राध्यापक खूश, डबे पुरवणारी संस्थाही खूश. पहिल्या सोमवारी अमेरिकेतल्या आयोवाच्या बर्फातून खोकं घेऊन मीच गेले. पहिल्याच घरी म्हाताऱ्या लिंडक्विस्टबाईंनी बेल वाजायच्या आत दार उघडलं. “तू उन्हाळ्यात स्टॉपवॉच घेऊन आलेली पोरगी ना? बस.” टेबलावर कॉफीचे दोन मग वाफाळत होते. “अजून तीस घरं आहेत,” म्हणत मी डबे फ्रीजरमध्ये रचले. “म्हणजे उद्या कोणी येणार नाही?” “पुढच्या सोमवारी.” “बरं झालं बाई, रोज दोघांची कॉफी करायचा ताप गेला.” त्यांनी एक मग सिंकमध्ये ओतला, धुतला, फळीवर पार मागे ठेवला. माझी दोनच मिनिटं वाया गेली.