दोन राज्यांत आडवा जावई

साहेब, तुम्ही ओकेन्ला डोंगर कधी चढला नाहीत. खाली कचेरीत बसून नकाशावर पट्टी ठेवलीत, शिखराच्या मधोमध दोन राज्यांच्या हद्दीची रेघ मारलीत, वर सिमेंटचा खुंटा रोवलात आणि बंदूकवाला शिपाई उभा केलात. हुकूम काय, तर परवान्याशिवाय कुणी खुंटा ओलांडायचा नाही.

त्याच खुंट्यापाशी आज लग्न होतं. पूर्वेकडून इमोजे गावची माणसं नवरीला घेऊन चढली. पश्चिमेकडून ओरिनवाले कंद, ताडी आणि चार ढोल घेऊन. या दोन गावांची सोयरीक शिखरावरच होते. खालच्या रस्त्याने आणलेली सून कुणी घरात घेत नाही.

ढोल असे कडाडले की शिपायाची शिट्टी कुणाला ऐकूच आली नाही. नवरा मुलगा फोलारिन धावत आला आणि रिवाजाप्रमाणे सासूच्या पायांशी धाडकन पालथा पडला. सासू अबेके खुंट्याच्या पलीकडे. म्हणजे पोराचं डोकं तिच्या राज्यात, पाय स्वतःच्या.

"ए, ऊठ! मागे हो!" शिपाई ओरडला.

"आई 'ऊठ' म्हणाल्याशिवाय उठलो तर लग्न मोडतं, साहेब," फोलारिन जमिनीत तोंड घालून म्हणाला.

"मग आई, तुम्ही म्हणा."

"घाई काय आहे?" अबेके म्हणाली. "हे काय पडणं झालं? छाती जमिनीला टेकू दे आधी, पोट आडवं येतंय. एवढं खातोस काय रे?"

बायका खिदळल्या. नवरी मोरेनिके हसत हसतच खुंट्याकडे सरकली. शिपायाने खांद्यावरची बंदूक हातात घेतली.

"मुलीनं पाय पलीकडे टाकला तर गोळी घालीन. हुकूम आहे."

ढोल थांबले.

"कुणाचा हुकूम?" अबेकेने विचारलं.

"वरच्या साहेबांचा."

"लाव त्यांना फोन."

शिपाई आधी नाही म्हणाला. मग दोन्ही गावं त्याच्याकडे बघत राहिली. त्याने फोन लावला. अबेकेने तो त्याच्या हातातून ओढूनच घेतला.

"साहेब, मी इमोजेची अबेके. माझा जावई तुमच्या रेघेवर पालथा पडलाय. आता मी त्याला उठवणार आणि माझी मुलगी त्याच्याबरोबर पलीकडे उतरणार. तुमचा माणूस गोळी घालीन म्हणतोय. घालायची का? हो की नाही, तेवढं सांगा. आणि लवकर सांगा, पोराच्या नाकात माती जातेय."